न धुतलेली गल्ली

मोरीच्या जाळीतून आधी नुसता आवाज यायचा. रिकामी बाटली पाण्यात बुडवली की येतो तसा. तो ऐकला की कडककाकू हातातलं काम टाकायच्या, नवऱ्याच्या कॉटखालचं सामान उचलून वर ठेवायच्या आणि दारात येऊन हाक द्यायच्या, "आलं गं बायांनो."

मग काळं पाणी यायचं. पाणी म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. वरच्या रस्त्याला नव्या उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं सगळं सांडपाणी कुणीतरी हुशार माणसाने या गल्लीच्या म्हाताऱ्या पाइपाला जोडून दिलं होतं. म्हाताऱ्याने ओढून ओढून किती ओढायचं? तो ओकायचा. आणि ओकायचा तो तळमजल्याच्या घरांत.

गल्लीची एक रीत होती. पाणी ओसरायला लागलं रे लागलं की दारोदारचे झाडू बाहेर पडायचे. कुणी बादल्या ओतायचं, कुणी खराट्याने घासायचं, कुणी फिनेल शिंपडायचं. तासाभरात फरशी अशी चकचकीत व्हायची की कुणी म्हणावं, इथे काही झालंच नाही. हे सगळं आरोग्यासाठी चालायचं असं कुणी सांगितलं तर खोटं आहे. हे चालायचं लाजेपोटी. वरच्या रस्त्याचे लोक या गल्लीला गटारगल्ली म्हणायचे. पोरं शाळेत पत्ता विचारला तर शेजारच्या रस्त्याचं नाव सांगायची. म्हणून गल्लीने न बोलता ठरवून टाकलं होतं, की आपली घाण परक्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या कामात कडककाकू सगळ्यांच्या पुढे. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत त्या हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, खळ घालून इस्त्री करायच्या. त्यांनी घडी घातलेली चादर टेबलावर उभी केली तर उभी राहील, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. नाव तिथूनच पडलं. स्वभावाने ते पुढे चालवलं.

त्यांचे यजमान रंगारी. भिंती रंगवत रंगवत एक दिवस परांचीवरून खाली आले ते कमरेखाली मेलेच. पण वरचा अर्धा माणूस चांगला शिल्लक होता. घर तळमजल्यावर असल्यामुळे काकू त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून उंबऱ्याबाहेर आणायच्या, आणि दिवसभर जाणारायेणारा त्यांच्या तावडीतून सुटायचा नाही. "कुणी रंगवलं रे तुझं घर? हात मारलाय की थुंकलाय?" असं चाललेलं असायचं. ती खोली, ते दार आणि दाराबाहेरचा तेवढा तुकडा, एवढंच त्या माणसाचं जग उरलं होतं. काकूंना ते पक्कं ठाऊक होतं.

पडून पडून रंगारीकाकांच्या पाठीला जखम झाली होती. पट्टी बदलायला येणारी नर्सताई बोलायला तुसडी, पण हाताची हलकी. एकदा पाणी येऊन गेल्यावर ती आली, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि काकूंना बाहेर बोलावून म्हणाली, "हे असंच चालणार असेल तर मला बोलावू नका. या पाण्याचा एक थेंब त्या जखमेत गेला ना, की माणूस हातचा जाईल."

"मग मी काय करू? पाइप काय मी खाल्लाय?"

"पाइप कुणी खाल्लाय ते पालिकेला विचारा. मला नका विचारू."

म्हणून काकूंनी पालिकेचा दरवाजा धरला.

तक्रारीवर तक्रार झाली. दर वेळी एक तरुण इंजिनिअर यायचा. पोरगा वाईट नव्हता. कुणी बोललं तर मान डोलवायचा. पण तो येणार असा निरोप आला की गल्लीच्या अंगात यायचं. साहेब येणार, मग गल्ली अशी कशी दाखवायची? झाडू बाहेर. खराटे बाहेर. काकू स्वतः उंबरा घासायच्या, खुर्ची पुसून ठेवायच्या, काचेचा पेला लखलखीत करून पाणी द्यायच्या. साहेब पाणी प्यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि कागदावर लिहायचे, प्रत्यक्ष पाहणीत काही आढळलं नाही.

शेवटच्या खेपेला तो जाता जाता हसून म्हणाला, "मावशी, खरं सांगू? एवढी स्वच्छता आमच्या सोसायटीत नाही."

गल्लीतल्या बायका खूश झाल्या. काकूसुद्धा क्षणभर फुलल्या. रंगारीकाका खुर्चीतून म्हणाले, "झालं. मारून घेतलात धोंडा पायावर. माझं बरं आहे, मला पाय लागतच नाहीत."

तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्यांना स्वतःचा असा संताप आला की तो काचेचा पेला त्यांनी मोरीत आपटला.

पालिकेच्या सभेत लोकांना बोलायला थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. काकू लॉन्ड्रीतून सुटी घेऊन गेल्या. सोबत समोरचा शिंपी होता, कारण एकट्या बाईला दारावरचा शिपाई तासभर बसवून ठेवतो. सभागृह छान होतं. लाकडी बाकं, गार हवा, प्रत्येक सदस्यापुढे पाण्याची बाटली. काकूंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या, जाळी, पाइप, नवऱ्याची पाठ असं एका दमात सांगत होत्या तोच घंटा वाजली. वेळ संपला.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या गल्लीचा अहवाल माझ्यासमोर आहे. काही आढळलेलं नाही."

"कारण आम्ही धुतो, साहेब."

सभागृहात हशा पिकला. कुणी तरी म्हणालं, "मग धुता ते चांगलंच आहे की."

"आम्ही धुतो म्हणून तुम्हाला दिसत नाही. आता नाही धुणार. या आणि बघा."

अध्यक्षांनी हात झटकावा तसं केलं. "ठीक आहे. एक समिती येईल. पुढच्या आठवड्यात कधीतरी."

कधीतरी हा शब्द पालिकेने शोधून काढलेला असावा. काकूंनी तो घरी आणला आणि गल्लीला जमवून सांगितलं, "समिती येऊन जाईपर्यंत कुणी झाडूला हात लावायचा नाही. जे येईल ते तसंच राहील. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शिंपी म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे गिऱ्हाइकांचे कपडे असतात. नव्या कोऱ्या कापडाला तो वास लागला तर कोण येईल माझ्याकडे?"

"आणि भाऊजी, आत्ता कोण येतंय? तुमच्या दुकानात मी महिनाभर माणूस पाहिला नाही."

लोक हसले. शिंपीही हसला, पण ओशाळं. शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं म्हणजे कुणाला पटलं नव्हतं. दारासमोरची घाण तशीच ठेवायची, ही गोष्ट त्या गल्लीत कुणी कल्पनेत आणली नव्हती. उघड्या अंगाने बाजारात जा म्हटलं असतं तर एवढं अवघड वाटलं नसतं.

पाणी दुसऱ्याच दिवशी आलं. नेहमीपेक्षा दांडगं. ओसरलं आणि मागे जो गाळ राहिला तो राहिला. काकूंनी कॉटच्या पायांखाली विटा लावून कॉट उंच केली, आणि फळीवर पाय ठेवत ठेवत घरात वावरू लागल्या. गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या दारात हात बांधून उभी होती. हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. एकमेकींशी बोलताना सगळ्याजणी वर, पत्र्यांकडे बघून बोलत होत्या.

समिती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. गाळ वाळला, त्यावर पुन्हा पाणी आलं, तो पुन्हा भिजला. माश्या आल्या. वरच्या रस्त्याचे लोक गल्लीच्या तोंडाशी येऊन फोटो काढून गेले. काकू कामावर गेल्या तर मालकाने त्यांना पांढऱ्या चादरींना हात लावू दिला नाही. "राग मानू नका काकू, पण वास येतोय." आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. त्या मागच्या दाराने निघून आल्या.

नणंदेचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर राहायची. "वहिनी, हे काय चाललंय तुमचं? दादाला माझ्याकडे आणून टाका."

"आणते वन्सं. जिना कोण चढवणार? आणि एकदा वर चढवला की तुमचे दादा पुन्हा खाली येतील ते चौघांच्या खांद्यावरच. दाराबाहेर बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही, माहीत नाही का तुम्हाला?"

"मग निदान धुऊन तरी घ्या."

"धुतलं की संपलं."

एका पहाटे काकू उठल्या तर समोर शिंप्याच्या दारात ओली, लखलखीत फरशी. शिंपी पाठमोरा, बादली लपवत होता. काकू गाळातून तशाच चालत गेल्या.

"भाऊजी, ठरलं काय होतं आपलं?"

"उंबऱ्यापुरतंच धुतलंय वहिनी."

"उंबऱ्यापुरतं म्हणजे काय? सगळ्यांनी उंबऱ्यापुरतं धुतलं की झाली गल्ली स्वच्छ. मग येऊ दे तुमच्या समितीला, आणि द्या त्यांना सरबत."

शिंपीही चिडला. "तुमच्या नवऱ्यासाठी सगळ्या गल्लीने घाणीत लोळायचं का? माझी बायको तीन वेळा ओकली काल. तुम्हाला काय, तुम्ही पुढारी झालात."

ते वाक्य काकूंच्या वर्मी बसलं. त्या परत फिरल्या. घरी आल्या तर रंगारीकाका जागे होते. डोळे लाल. काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्यांचा हातच भाजला.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून असेल."

"सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू झाडू उचलला असतास."

काकूंनी त्यांना कुशीवर वळवलं. पट्टी सोडली तेव्हा त्यातून जो वास आला तो गल्लीच्या वासापेक्षा वेगळा नव्हता. कॉट उंच करून काय उपयोग? गाळावर बसलेल्या माश्यांना काही विटा चढाव्या लागत नाहीत. हे आपल्याला कसं सुचलं नाही, या विचाराने काकू ताडकन कोपऱ्याकडे गेल्या. त्यांनी झाडू घेतला. रंगारीकाकांनी कॉटवरून हात लांब करून झाडूचं टोक धरलं.

"आज येतील. आज नक्की येतील बघ. एवढे दिवस फुकट घालवू नकोस."

"सोडा तो झाडू."

"नाही सोडत. घाण हाच आपला पुरावा आहे, तूच म्हणालीस."

"माझ्या तोंडाला लागली आग. सोडा म्हणते ना."

अंगात ताप मुरलेला माणूस, पण वरचा अर्धा भाग अजून रंगाऱ्याचा होता. झाडू सुटेना. दोघं एकेक टोक धरून तसेच राहिले, आणि त्या अवस्थेत बाहेरून आवाज आला, समिती आली.

नाकाला रुमाल लावून पाच-सहा माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी होती. इंजिनिअर त्यांच्यात होता. तो काकूंच्या दारापर्यंत आला, आत पाहिलं, कॉटवरच्या माणसाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाकीच्यांनी लांबूनच पाहिलं. एक बाई म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही स्वच्छ का नाही करत? माणसं राहतात ना इथे?"

काकूंनी मोरीच्या जाळीकडे बोट दाखवलं, पण त्या बाई तोवर माघारी वळल्या होत्या. फोटो काढले गेले. समिती गेली. त्याच दुपारी शिंप्याने कुठून तरी हातगाडी आणली, तिच्यावर गादी टाकली आणि रंगारीकाकांना मोठ्या दवाखान्यात पोचवलं. सकाळच्या भांडणाचा शब्द त्याने काढला नाही, काकूंनीही काढला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम कापली, साफ केली आणि म्हणाले, बघू.

सभेचा निकाल आठवड्याने लागला. काकू आणि शिंपी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. अध्यक्षांनी ठराव वाचला. समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असता गल्लीतील तळमजल्याच्या खोल्या अत्यंत अस्वच्छ आढळल्या. माणसांनी राहण्यास त्या अयोग्य आहेत. रहिवाशांच्या आरोग्याच्या हितासाठी खोल्या ताबडतोब रिकाम्या करून सील कराव्यात. पाइपाच्या कामाचा विचार यथावकाश करण्यात येईल.

हात वर झाले. सगळे.

काकू शिंप्याला म्हणाल्या, "काय म्हणाले ते?"

शिंप्याला कळलं होतं, पण सांगवेना. "चला वहिनी."

"नाही, काय म्हणाले? पाइप बदलणार का?"

"पाइप नाही. आपल्यालाच बदलणार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. धुतलं तेव्हा तक्रार खोटी ठरली, नाही धुतलं तेव्हा माणसं घाणेरडी ठरली. काकू बाकावरून उठेनात. शिपायाने दिवे मालवले, पंखे बंद केले, तरी उठेनात. शेवटी शिंप्याने हाताला धरून उठवलं, आणि रस्ताभर धरूनच आणलं, कारण बाई वाहनं बघत नव्हती.

दवाखान्यात रंगारीकाका भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले होते. ताप उतरला होता पण माणूसही बराच उतरला होता. काकूंनी सगळं खरं सांगितलं. खोटं बोलायला अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात नव्हता.

रंगारीकाका भिंतीशीच बोलले. "मला घरी ने."

"डॉक्टर म्हणतात, तिथे नेलं तर महिनाभरात..."

"डॉक्टर बरोबर म्हणतात. पण रिकाम्या खोलीला कुलूप लावायला एक शिपाई पुरतो. आत माणूस असला तर त्यांना विचार करावा लागेल. खोली गेली तर मी बरा होऊन जाणार कुठे? तुझ्या वन्संच्या वरच्या मजल्यावर, खिडकीतून कावळे मोजायला?"

काकूंनी त्यांच्या अंगावरची चादर ओढून कोपरे सरळ केले. नेलं तर नवरा जातो, न नेलं तर घर जातं. 

शिंपी वॉर्डच्या दारात उभा राहून ऐकत होता. आत येऊन म्हणाला, "आत माणूसच असला पाहिजे ना? तो रंगारीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

रंगारीकाकांनी पहिल्यांदा मान वळवली. "शिंपी चालेल का ते विचार त्यांना. मापात बसायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद जिने उतरून दवाखान्यात भावाजवळ येऊन बसली. आणि शिंप्याने आपलं मशीन बायकोच्या मदतीने उचलून काकूंच्या खोलीत, रंगारीकाकांच्या कॉटशेजारी मांडलं. गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. कुणी कॉटवर, कुणी डब्यावर, कुणी उंबऱ्यात बसली. कडककाकू मधोमध, नवऱ्याच्या चाकाच्या खुर्चीत. बसायला दुसरी जागाच उरली नव्हती.

पालिकेची माणसं दुपारी आली, यादीतलं पहिलं दार काकूंचं म्हणून थेट तिथे. शिपाई, कुलूप, लाखेचा डबा, आणि कागद हातात घेऊन इंजिनिअर. आत मशीन चालू होतं. शिंपी वर न बघता कापड सरकवत होता.

"मावशी, मला वरून आदेश आहे," इंजिनिअर दारातून म्हणाला. "सगळे बाहेर या. मला जबरदस्ती करायला लावू नका."

"करा की."

"अहो, ही खोली राहायला अयोग्य आहे."

"आम्ही तेच सांगत होतो इतके दिवस. कशामुळे अयोग्य आहे ते लिहिलंय का तुमच्या कागदात?"

इंजिनिअर कागदाकडे बघायला लागला. तेवढ्यात मोरीकडून आवाज आला. मशीन थांबलं. सगळ्या बायकांना तो आवाज ओळखीचा, साहेबांना नवा.

शिंप्याची बायको सवयीने उठायला लागली. काकूंनी तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं. "कुणी उठायचं नाही. उठलं की खोली गेली."

जाळीवर काळा फुगा आला आणि फुटला. मग धार. पाणी फरशीवर पसरत कॉटच्या विटांना लागलं, मशीनच्या पायांना लागलं. बायकांनी पाय वर घेतले. एकीने पदर तोंडाला लावला, दुसरी डोळे मिटून बसली. शिंप्याने पायडलवरचा पाय उचलला नाही. त्याची चप्पल पाण्याखाली गेली. खुर्चीची पुढची छोटी चाकं अर्धी बुडाली. कुणी उठलं नाही.

शिपाई केव्हाच रस्त्यावर पळाला होता. इंजिनिअर उंबऱ्यात तसाच उभा होता, कागद छातीशी धरून, आणि जाळीतून वर येणाऱ्या त्या धारेकडे बघत होता. इतक्या वेळा तो या गल्लीत आला होता, पण हे येताना त्याने पाहिलं नव्हतं.

"या ना साहेब," कडककाकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो अगदी तळाला गेला होता. "आत या. करा पाहणी."

पाणी उंबऱ्यावरून बाहेर पडलं आणि त्याच्या बुटांपाशी आलं. त्याने एक पाय मागे घेतला. मागे गल्लीतही पाणीच होतं.